अर्ध्या तिकिटाचा वाद आणि न आलेली गाडी

फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रात एसटीवरून दोन वाद पाठोपाठ झाले. पहिला पैशांचा. महिलांना आणि ज्येष्ठांना दिलेल्या सवलतींमुळे महामंडळाला रोज तीन कोटींचा तोटा होतो, असं खुद्द परिवहनमंत्री बोलले आणि सवलत राहणार की जाणार यावर बराच काथ्याकूट झाला. दुसरा भीतीचा. २५ फेब्रुवारीच्या पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात फलटणच्या गाडीची वाट पाहणाऱ्या तरुणीवर तिथेच उभ्या असलेल्या शिवशाहीत बलात्कार झाल्याची तक्रार नोंदवली गेली. मग कॅमेरे किती, सुरक्षारक्षक कुठे होते, आगारात पडून असलेल्या गाड्यांचं काय, असे प्रश्न सुरू झाले. हे दोन्ही वाद वेगवेगळ्या माणसांनी घातले. एकात बाई तिजोरीवरचा भार होती, दुसऱ्यात ती सांभाळायची ठेव होती. ती प्रवासी आहे, तिला सकाळी कुठेतरी पोहोचायचं असतं आणि संध्याकाळी घरी यायचं असतं, हे दोन्हीकडे फारसं कुणाच्या बोलण्यात आलं नाही.

माझं म्हणणं आधीच मांडते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट योग्य आहे आणि कॅमेरेही हवेत. पण बाईच्या प्रवासातला मोठा अन्याय आणि मोठा धोका एकाच जागी आहे, आणि ती जागा म्हणजे गाडीची वाट पाहण्यात जाणारा वेळ. गाडी दिवसातून किती वेळा येते, शेवटची गाडी किती वाजता सुटते, आणि हे ठरवताना कुणाचा दिवस डोळ्यांपुढे असतो, यावर तिची सुरक्षितता आणि तिचा हक्क दोन्ही अवलंबून आहेत. सवलत तिकिटावर दिली, गाडी मात्र दिली नाही, अशी आजची स्थिती आहे. वाद घालायचाच असेल तर त्यावर घालायला हवा.

१७ मार्च २०२३ पासून सुरू झालेल्या 'महिला सन्मान योजने'च्या, म्हणजे या अर्ध्या तिकिटाच्या, विरोधात जे बोललं जातं त्यातलं काही खरं आहे, आणि ते मान्य न करता पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. बांधकामावर निघालेला मजूर पूर्ण तिकीट काढतो आणि त्याच्या शेजारी बसलेली पगारदार शिक्षिका अर्धं, ही विषमता डोळ्यांना दिसते. शिवाय आपल्याकडे ही सवलत साध्या लाल गाडीपासून वातानुकूलित शिवनेरीपर्यंत सगळीकडे लागू आहे. तमिळनाडूने मे २०२१ मध्ये आणि कर्नाटकाने जून २०२३ मध्ये महिलांना मोफत प्रवास दिला, पण साध्या गाड्यांमधून. आरामगाड्या त्यांनी वगळल्या. दादरहून पुण्याला शिवनेरीने जाणाऱ्या माझ्यासारख्या बाईचं अर्धं तिकीट सरकारने भरावं, याचं समर्थन मला करता येत नाही. तो पैसा तालुक्याच्या गाड्यांकडे वळत असेल तर मी आनंदाने पूर्ण तिकीट काढीन. पण मजूर आणि शिक्षिकेचं उदाहरण देऊन सगळी सवलतच चूक ठरवणाऱ्यांनी त्याच गाडीत आणखी कोण बसलंय तेही बघावं. शेतमजुरीत बाईचा रोज आजही पुरुषाच्या रोजापेक्षा कमी आहे. एकाच अंतराचं एकच तिकीट दोघांनी काढलं, तर तिच्या दिवसाच्या कमाईतला मोठा तुकडा त्यात जातो. घरात एक मोटारसायकल असेल तर ती कोण नेतं, हे तर सांगायलाच नको. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचं साधन विचारलं गेलं होतं. पायी किंवा बसने जाणाऱ्यांचं प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा ठळकपणे जास्त आणि सायकल-दुचाकीचं ठळकपणे कमी निघालं. म्हणजे पुरुषाला बस हा अनेकांतला एक पर्याय असतो. बहुतेक बायकांपुढे बस आणि पाय एवढंच असतं.

आता तोट्याचं. सवलतीची रक्कम राज्य सरकारने महामंडळाला द्यायची असते, तशी ती अर्थसंकल्पातून दिली जाते. ती उशिरा मिळत असेल, अपुरी मिळत असेल, तर महामंडळाचं देणेकरी सरकार आहे. कंडक्टरला अर्धे पैसे देऊन तिकीट घेणारी बाई नाही. तिच्या खात्यावर हा तोटा लिहिणं हा साधा हिशेबातला घोळ आहे. एसटी आपल्या उत्पन्नावर सरकारला साडेसतरा टक्के प्रवासी कर देते आणि वर टोलही भरते, याची आठवण तोट्याच्या चर्चेत क्वचितच निघते. दुसरीकडे नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५५ हजार कोटींहून अधिक खर्चून झाला. त्यावर दुचाकी आणि रिक्षांना मनाई आहे, कारण तो वेगाने धावणाऱ्या मोटारींसाठी आहे. रस्ता असावा, माझी तक्रार नाही. पण मोटार असणाऱ्याचे तास वाचावेत म्हणून खर्च केलेले हजारो कोटी ही गुंतवणूक आणि मोटार नसलेलीचे काही रुपये वाचवण्यासाठी केलेला खर्च ही खैरात, हे कोणत्या न्यायाने?

याहून खालच्या पातळीवरचा एक आक्षेप आहे. तो छापील लेखांत येत नाही, पारावर आणि गाडीत उभ्याने येतो: अर्धं तिकीट झाल्यापासून बायका उगाचच फिरायला लागल्या. याला उत्तर देण्याची गरज नाही असं पूर्वी वाटायचं. आता वाटतं की सगळ्या वादाच्या मुळाशी हेच आहे. १८८३ साली अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला जाण्यापूर्वी आनंदीबाई जोशी सेरामपूरच्या कॉलेजात बोलल्या होत्या. मुंबईत पुस्तकं हातात घेऊन शाळेत जाताना आपल्याला पाहायला लोक खिडक्यांतून डोकी बाहेर काढायचे, काही जण गाड्या थांबवायचे, रस्त्यावरचे हसायचे, हे त्यांनी त्या भाषणात सांगितलं. त्यांच्या चरित्रातला हा भाग आपण भराभर ओलांडून बोटीवर जातो. पण शिकण्याआधी त्यांना रस्ता पार करावा लागला, आणि रस्त्यावरच्यांचा प्रश्न तोच होता: ही कुठे निघाली, आणि कशाला? पुरुष माहेरी, जत्रेला, मित्राकडे किंवा नुसता तालुक्याला चक्कर मारायला जातो तेव्हा कारण कुणी विचारत नाही. बाईने कारण सांगितल्याशिवाय घराबाहेर पडू नये, असं ज्यांना वाटतं त्यांना तिकिटाचा दर ही फक्त सबब आहे. आईला भेटायला चार महिन्यांऐवजी दर महिन्याला जाणारी बाई उगाच फिरत नाही. ती आईला भेटते आहे.

पण या योजनेचं कौतुक करणाऱ्यांनाही मला काही विचारायचं आहे. अर्धं तिकीट काढायला गाडी आहे का? कोरोनाआधी एसटीकडे अठरा हजारांच्या पुढे गाड्या होत्या, नंतर तो ताफा पंधरा हजारांच्या आसपास आला. गाड्या कमी झाल्या की काट मारली जाते ती लहान गावच्या फेऱ्यांवर, दुपारच्या फेऱ्यांवर आणि रात्रीच्या शेवटच्या फेरीवर. एसटीत यासाठी एक शब्द आहे, भारमान. शंभर जागांमागे किती भरल्या याचं प्रमाण. भारमान कमी म्हणून फेरी बंद, हे वाक्य ज्यांच्या गावाने ऐकलेलं नाही असे लोक ग्रामीण महाराष्ट्रात कमी सापडतील. हिशेब म्हणून ते चूक दिसत नाही. रिकामी गाडी कुणी का चालवावी?

चूक आहे ती मोजणीच्या पद्धतीत. फेरी एकेकटी मोजली जाते, बाईचा दिवस मात्र एकेकटा नसतो. संध्याकाळी सातच्या गाडीला बारा माणसं असतात म्हणून ती बंद झाली, की तालुक्याच्या दवाखान्यात सहाला सुटणारी आया, कापडाच्या दुकानातली मुलगी, शिवणक्लास करणारी सून यांना परतीचा रस्ता उरत नाही. मग त्या सकाळी आठच्या गाडीलाही चढत नाहीत. महिन्याभरात आठच्या गाडीचं भारमान उतरतं. ते कागदावर 'प्रतिसाद कमी' असं दिसतं आणि पुढच्या वेळी तीही रद्द होते. पुरुष अशा वेळी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून येतो. सात वाजल्यानंतर अनोळखी माणसाच्या मागे बसून येण्याचा सल्ला कोणतं घर आपल्या मुलीला देईल? सातची बारा माणसांची गाडी हे आठच्या भरलेल्या गाडीचं कारण असतं, पण आगाराच्या तक्त्यात या दोन आकड्यांना जोडणारी रेघ नसते. त्यात बाईचा प्रवास तुकड्यातुकड्यांचा असतो. आधी अंगणवाडी, मग बाजार, वाटेत सासऱ्यांची औषधं, येताना नणंदेकडे दोन मिनिटं. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर असतं, आणि थोडकं गेलं तरी आख्खा टप्पा मोजावा लागतो. एकदा चढून एकदा उतरणाऱ्याला हा नियम एकदाच लागतो. तीनदा चढणारीला तो तीनदा लागतो.

आमच्या गावाला मुक्कामी गाडी होती. रात्री नऊच्या सुमारास यायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे, पहाटे साडेपाचला पहिली फेरी घेऊन निघायचे. त्या गाडीने आमच्या गावच्या मुलींची कॉलेजं केली. कंडक्टरला माहीत असायचं की आज बारावीचा पेपर आहे आणि कोण अजून आलेलं नाही. तो घंटी मारायला थोडा वेळ लावायचा. रात्री येताना तीच गाडी आईला ठाऊक असायची, म्हणून उशीर झाला तरी घरात आरडाओरडा नसायचा. 'मुक्कामीने येईल' एवढं पुरायचं. मला तेव्हा कुणी सुरक्षितता हा शब्द सांगितला नव्हता. आज विचार केला तर ती हीच होती: ठरलेली वेळ, ओळखीची गाडी, गणवेशातला जबाबदार माणूस आणि सोबत चार बायका.

हे आठवणींचं हळवेपण वाटत असेल तर पुरावाही बघा. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी निळ्या गाड्या सुरू झाल्या. पास हे तिकीट आहे आणि निळी गाडी ही गाडी आहे, हा फरक ज्या गावांत निळी गाडी जाते तिथल्या मुलींना नीट माहीत आहे. २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. कर्मचाऱ्यांचं दुखणं खरं होतं, पगार तुटपुंजे आणि तेही वेळेवर नाहीत, यात मला शंका नाही. पण त्या महिन्यांत प्रत्येकीच्या हातात मोफत पास असूनही जायला काही नव्हतं. बिहारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकली दिल्या, तेव्हा मुलींची शाळेतली नोंदणी सुमारे एक तृतीयांशाने वाढली, हे अर्थतज्ज्ञांनी मोजून दाखवलं आहे, आणि ही वाढ प्रामुख्याने शाळा लांब असलेल्या गावांत झाली. गिरिजा बोरकर यांनी दिल्लीतल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. त्यात दिसलं की वाट सुरक्षित वाटावी म्हणून मुली स्वतःच्या गुणांना मिळू शकणारं चांगलं कॉलेज सोडून खालचं कॉलेज निवडतात. मुलगे असं फारच कमी करतात. वाटेतल्या भीतीची किंमत त्या मुली पदवीच्या कागदावर आयुष्यभर मोजणार आहेत. ती कोणत्या तोट्याच्या हिशेबात धरली जाते?

भीतीविषयी बोलताना आपण नेहमी गाडीच्या आतलं बोलतो. मला वाटतं, बाहेर बघायला हवं. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत निर्भया प्रकरणातली ती तरुणी आणि तिचा मित्र मुनिरकाच्या थांब्यावर उभे होते. घरापर्यंत यायला रिक्षावाले तयार नव्हते. अशा वेळी एक खाजगी बस आली आणि आतल्या एकाने गाडी तिकडेच जातेय म्हणून हाक दिली. स्वारगेटच्या तक्रारीतही हाच धागा आहे: कुठे जायचंय असं विचारून, फलटणची गाडी तिकडे लागलीय, असं सांगणारा माणूस. दोन्ही ठिकाणी हल्ला होण्यापूर्वी एक रिकामी जागा होती. ठरलेली गाडी ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी आहे याची खात्री नव्हती, आणि त्या रिकाम्या जागेत कुणीही माहिती देणारा बनू शकत होता. फलाटावर क्रमांक ठळक असेल, पहाटे पाचलाही चौकशीची खिडकी उघडी असेल, वाहतूक नियंत्रक ध्वनिक्षेपकावर गाडी पुकारत असेल, तर 'ताई, तुमची गाडी तिकडे आहे' हे वाक्य कुणालाही सहज वापरता येणार नाही. स्वारगेटनंतर 'ती ओरडली का नाही' असं विचारणाऱ्यांनी हा प्रश्न विचारला असता तर काही उपयोग झाला असता.

निर्भया प्रकरणानंतर कायदा कडक झाला, २०१३ च्या अर्थसंकल्पात हजार कोटींचा निर्भया निधी आला. १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठावठिकाणा कळवणारं यंत्र आणि संकटकाळचं बटण बंधनकारक झालं. हे सगळं हवं होतं. पण त्या नियमातून तीनचाकी वाहनं वगळली आहेत, आणि स्टेशनवरून घरापर्यंत सगळ्यात जास्त बायकांना नेणारं वाहन तीनचाकीच आहे. शिवाय बटण दाबल्यावर दुसऱ्या टोकाला कोण उठतं, किती मिनिटांत येतं, हे जोवर प्रवासी बाईला अनुभवाने माहीत नाही, तोवर ते बटण आहे आणि नाही, सारखंच. २००७ साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीवर, तिला न्यायला आलेल्या, कंपनीनेच ठरवून दिलेल्या गाडीत चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला. गाडी माहितीची होती, चालक नेमलेला होता, पण गाडीत दुसरं कुणी नव्हतं. त्यानंतर अशा गाड्यांचे नियम कडक झाले, आणि २०१७ च्या राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर बायकांना कामावर ठेवायचं तर घराच्या दारापर्यंत सोडण्याची जबाबदारी मालकावर टाकली. चांगलं झालं. पण रात्री दहाला भांडी घासून निघालेल्या मोलकरणीला दारापर्यंत कोण सोडणार? तिचा मालक या कायद्यात बसत नाही. तिला फक्त सार्वजनिक बस सोडू शकते. त्या बसचं, म्हणजे मुंबईत बेस्टचं, किमान भाडं मे २०२५ मध्ये पाच रुपयांवरून दहा रुपये झालं. महिला सन्मान योजनेचं अर्धं तिकीट एसटीपुरतं आहे. महिला सन्मानाची हद्द एसटीच्या दाराशी का संपावी, हा प्रश्न मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही.

इथे कुणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की गाड्या वाढवून काय होणार, गर्दीच्या गाडीत हात लावणारे असतातच. असतात. आमच्या पिढीतल्या मुलींना आईने पर्समध्ये सेफ्टी पिन ठेवायला शिकवलं, आणि ती वापरायची वेळ मलाही आली आहे. त्या माणसाने हात काढून घेतला आणि पुढच्या थांब्यापर्यंत तो माझ्याकडेच रागाने बघत राहिला, जणू मी त्याचं काही हिसकावलं होतं. ही माणसं गाड्या वाढल्याने सुधारणार नाहीत. पण माणसाला माणूस चिकटून उभा असतो तेव्हा धक्का लागला आणि लावला यातला फरक सिद्ध करता येत नाही, आणि त्याच अडचणीवर ही माणसं जगतात. मध्ये वीतभर जागा असेल तर तो फरक सगळ्या गाडीला दिसतो. खच्चून भरलेल्या गाडीत कंडक्टर मागे येऊही शकत नाही. थोड्या मोकळ्या गाडीत तो येतो, आणि बाईला 'जरा बघा हो' म्हणायला जागा मिळते.

महिला डबे, राखीव जागा यांच्यावरही एक गंभीर आक्षेप आहे आणि तो बायकांकडूनच येतो: वेगळं बसवल्याने पुरुष वागायला शिकत नाहीत, उलट जनरल डब्यात शिरलेल्या बाईला 'तिकडे लेडीज आहे ना' ऐकावं लागतं. याची जाण मला आहे. तरीही मी डबे काढून टाकायच्या विरोधात आहे. इतिहास बघा. १८९० च्या रेल्वे कायद्याने प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा किमान एक कप्पा स्त्रियांसाठी राखून ठेवणं बंधनकारक केलं, आणि गाडी पन्नास मैलांहून लांब जाणार असेल तर त्यात शौचकूप हवंच असंही लिहिलं. खालच्या वर्गाचा, हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. पहिल्या वर्गाच्या बाईला डबा मिळालाच असता; कायद्याने विचार केला तो तिसऱ्या वर्गाच्या बाईचा. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली मार्गावर पहिली लेडीज स्पेशल निघाली तेव्हा मुंबईतल्या नोकरदार बायकांना पहिल्यांदा आख्खी गाडी मिळाली. त्या डब्यांत भाज्या निवडल्या गेल्या, भिश्या चालल्या, चौथ्या सीटवरून भांडणं झाली, डोहाळजेवणं झाली. हा वेगळेपणाने आलेला दुबळेपणा नाही. बाईला शहरात आपली जागा आहे हे रोज दोन तास अनुभवण्याची ती सोय होती आणि आहे. डबे पुरेसे नाहीत, ही तक्रार खरी. पण नोकरदार बायकांची संख्या वाढली आणि डब्यांचं प्रमाण तसंच राहिलं, याला उपाय डबे बंद करणं हा कसा होईल?

त्या शौचकूपाकडे परत येते. १८९० मध्ये कायदा करणाऱ्यांना सुचलं की पन्नास मैल जाणाऱ्या बाईला आडोसा लागेल. आजही प्रवासाला निघायचं म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या बायका घरोघरी आहेत. त्यात एसटीत नोकरी करणाऱ्या महिला वाहकही आल्या, ज्यांना आठ-आठ तास गाडीवर काढायचे असतात. मुंबईत २०११ च्या सुमारास 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली, ती बायकांकडून मुतारीचे पैसे घेतले जातात आणि पुरुषांकडून नाही, या साध्या अन्यायातून. तिकीट अर्धं करून वाचलेले पाच-दहा रुपये स्थानकावर शौचालयाच्या दारात द्यायला लागत असतील, तर सवलत कुणाला मिळाली? मूत्रमार्गाचे आजार सोसणाऱ्या बाईला डॉक्टर विचारतो, पाणी का पीत नाही. याचं उत्तर बसस्थानकाच्या मागच्या बाजूला कुलूप लावलेल्या दाराशी सापडेल.

गाडी नाही आली तर माणूस थांबत नाही. एसटीने मोकळी केलेली जागा सातारा-सांगलीकडे वडापने, म्हणजे खाजगी जीपगाड्यांनी, घेतली, मराठवाडा-विदर्भात काळी-पिवळीने, आणि शहरांच्या कडेला शेअर रिक्षाने. या वाहनांना नावं ठेवणं सोपं आहे, पण तीच नसती तर बायका घरात बसल्या असत्या. त्यांच्यामुळे रोजगार आहे, गाव जोडलेलं आहे. मला खटकतं ते हे की, या वाहनांत बसायला जागा कशी मिळते हा प्रश्न कोणत्याच खात्याचा नाही. तीन जणांच्या रिक्षात मागे चार आणि पुढे चालकाशेजारी पाचवा. घाई असलेल्या बाईला पुढे बसणं किंवा दोन अनोळखी पुरुषांमध्ये दबून बसणं यातून निवड करावी लागते, आणि ती नको असेल तर पुढच्या रिक्षाची वाट पाहत उभं राहणं. पुन्हा तेच, वाट पाहणं. सरकारने बायकांसाठी गुलाबी ई-रिक्षांची योजना आणली: वीस टक्के अनुदान, सत्तर टक्के कर्ज, दहा टक्के स्वतःचे. चालक म्हणून बाई रस्त्यावर येते हे मला मनापासून आवडतं. पण तिला स्टँडवर जागा, रांगेत नंबर आणि जवळ शौचालय मिळालं नाही, तर कर्जाचे हप्ते मात्र तिच्याच नावावर राहतील. शेअर रिक्षाच्या थांब्यावर दिवा लावणं, मार्ग आणि भाडं लिहिलेला फलक लावणं, तीनच प्रवासी बसवायला लावून त्याप्रमाणे परवडेल असं भाडं ठरवून देणं, यासाठी हजार कोटींचा निधी लागत नाही.

शेवटी हे कोण ठरवतं? आगारात वेळापत्रक लागतं ते शाळा, बाजाराचा दिवस आणि भारमान बघून. दवाखान्याची पाळी किती वाजता सुटते, औद्योगिक वसाहतीतल्या पॅकिंगच्या बायका किती वाजता बाहेर पडतात, नर्सिंगच्या मुलींची ड्यूटी कधी बदलते, हे कुणी विचारलं तर एका आठवड्यात कळेल. महिला वाहक आता मोठ्या संख्येने आहेत. कुठल्या थांब्यावर सातनंतर उतरायला बाई घाबरते हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. वेळापत्रक लावताना त्यांना बोलावलं जातं का? ग्रामसभेत फेरी बंद झाल्याचा विषय निघतो तेव्हा उठून बोलणारे बहुतेक पुरुष असतात, आणि ते सकाळच्या फेरीबद्दल बोलतात.

एसटीकडून मला काय हवंय ते सांगते. शिवनेरीवरची सवलत काढा आणि ते पैसे प्रत्येक आगारात संध्याकाळी सातनंतरची एक फेरी चालवण्यासाठी बाजूला ठेवा. त्या फेरीला भारमान लावू नका, निदान दोन वर्षं. दोन वर्षांनी तिचं भारमान मोजताना सकाळच्या फेरीचंही मोजा, आणि दोन्ही आकडे एकाच कागदावर मांडा. जिथे मुक्कामी गाडी बंद केली तिथे ती परत आणता येते का बघा, आणि देवळाऐवजी ड्रायव्हर-कंडक्टरला नीट झोपायला ग्रामपंचायतीची एक खोली द्या, आता तर कंडक्टर बाई असू शकते. स्थानकावर पहाटे पाच ते सात आणि रात्री आठ ते अकरा चौकशीची खिडकी उघडी ठेवा. स्वारगेटवर त्या पहाटे फलटणची गाडी कोणत्या फलाटाला लागणार, हे गणवेशातल्या माणसाला विचारता यायला हवं होतं.